चौकाचौकात 'आरे'

बेळगावात वाढलेल्या माणसाला पाट्या वाचायची खोड असते. दुकानात काय मिळतं ते नंतर. आधी वर कुठली लिपी, खाली कुठली, कुणाचं अक्षर केवढं, हे डोळ्यांनी मोजून होतं. माझी सगळी नोकरी मराठी शाळेत गेली, त्यामुळे माझ्यात ही खोड जरा जास्तच. जून २०२५ मध्ये आम्ही दोघं भाचीकडे मॉन्ट्रियलला गेलो. विमानतळावरून घरी जाताना पहिल्याच चौकात ती ओळखीची लाल अष्टकोनी पाटी दिसली, पण तिच्यावर 'स्टॉप' नव्हतं. फ्रेंच शब्द होता, उच्चार 'आरे'. पुढच्या चौकात तेच, त्याच्या पुढच्यातही तेच. हे म्हणाले, "काय गं, चौकाचौकात 'अरे अरे' काय चाललंय यांचं?" गाडी चालवता चालवता भाचीने सांगितलं, "काका, खुद्द फ्रान्समध्ये या पाटीवर 'स्टॉप'च असतं."

तिथेच मी ठरवलं की हा प्रवास लिहायचा. व्हिसा, तिकिटं सगळं भाची-जावयाने केलं, त्याबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

२२ जून, रविवार : जुनं मॉन्ट्रियल

कॅनडा म्हणून दोन स्वेटर आणले होते. पाहतो तर उकाडा बेळगावच्या एप्रिलसारखा, आणि पुढचे दोन दिवस पारा पस्तिशीच्या आसपास. स्वेटर शेवटपर्यंत बॅगेतच राहिले.

जुन्या शहरात नेल्सनचा खांब आहे. १८०९चा, म्हणजे लंडनमधल्या त्याच्या प्रसिद्ध खांबाहून जुना. फ्रेंचांचं आरमार बुडवणाऱ्या इंग्रजाचा पुतळा फ्रेंच वस्तीच्या मधोमध! तो कायमचा डोळ्यात खुपत राहिला असणार, कारण १९३० साली समोरच्याच चौकात वोक्लँ नावाच्या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याचा पुतळा उभा राहिला. दोघे अजून समोरासमोर आहेत. पुतळ्याला पुतळ्याने उत्तर देण्याची ही रीत आपल्याला काही नवी नाही.

बाजूलाच नगरपालिकेची देखणी इमारत. तिच्या सज्जातून २४ जुलै १९६७ रोजी फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांनी 'स्वतंत्र केबेक झिंदाबाद' अशी घोषणा दिली होती. पाहुणा घरी येऊन घर फोडायची भाषा करतो म्हटल्यावर कॅनडाचे पंतप्रधान पिअर्सन यांनी जाहीर नापसंती दर्शवली आणि द गॉल ओटावाला न जाता परस्पर मायदेशी गेले. (मॉन्ट्रियल कॅनडाच्या ज्या फ्रेंचभाषक राज्यात आहे त्याला आपण क्विबेक म्हणतो, तिथली माणसं 'केबेक' म्हणतात. मीही तेच लिहिणार आहे.)

सगळ्यात मजा आली ती प्लास दार्म या चौकात. एका उंच इमारतीच्या दोन कोपऱ्यांवर २०१३ साली बसवलेले दोन पुतळे आहेत. एकीकडे नाक वर केलेला इंग्रज गृहस्थ, हातात पग जातीचं कुत्रं. तो फ्रेंचांच्या नोत्र दाम चर्चकडे तुच्छतेने बघतोय. दुसरीकडे फ्रेंच बाई, हातात पूडल. ती इंग्रजांच्या जुन्या बँकेकडे तशाच नजरेने बघतेय. माणसं एकमेकांकडे बघतही नाहीत. कुत्री मात्र एकमेकांकडे टक लावून आहेत, संधी मिळाली तर खेळायला पळतील अशी. भाचीने विचारलं, "मावशी, फोटो काढू?" म्हटलं, फक्त कुत्र्यांचा काढ.

मेट्रोतल्या सूचना फक्त फ्रेंचमध्ये आणि पाट्याही फ्रेंच. ज्या कोंबडीवाल्या कंपनीला जगभर केएफसी म्हणतात, ती इथे 'पीएफके' आहे. दुकानांवर कुठे इंग्रजी दिसलंच तर खाली, बारीक. १ जूनपासून नवा नियम लागू झाला होता: बाहेरच्या पाटीवर फ्रेंचने इतर भाषांच्या दुप्पट जागा व्यापायला हवी. आमच्या कर्नाटकात पाटीचा साठ टक्के भाग कन्नडला, इथे दोन तृतीयांश फ्रेंचला! हिशेब करून मी मनात म्हटलं, शाब्बास, भाषा टिकवायची तर हे असं. मनात म्हणताना मी कुठल्या बाजूने बोलतेय हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

जाणाऱ्यांसाठी: दुकानात शिरताना आधी 'बोंझूर' म्हणा, मग खुशाल इंग्रजी बोला. वागणुकीत लगेच फरक पडतो. बिलावर साधारण पंधरा टक्के कर चढतो, तो किमतीत धरलेला नसतो. टिपचे जे आकडे यंत्र सुचवतं ते कर धरण्याआधीच्या रकमेवर असायला हवेत, असा कायदा मे २०२५ मध्ये आलाय. आणि गाडी चालवणार असाल तर मॉन्ट्रियलच्या बेटावर लाल दिव्याला उजवीकडे वळू नका; बाकी केबेकमध्ये चालतं, इथे नाही.

२३ जून : हरलेल्या मैदानावरची जत्रा

आगगाडीने तीन-साडेतीन तासांत केबेक सिटी. तटबंदीचं गाव, खाली प्रचंड सेंट लॉरेन्स नदी. रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीच्या नंबरपाटीवर १९७८ पासून एक वाक्य असतं, त्याचा अर्थ 'मला आठवतं'. काय आठवतं, ते लिहिलेलं नाही. आम्ही उतरलो त्या घरगुती लॉजच्या मालकीणबाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "ज्याचं त्याने ठरवायचं. माझ्या नवऱ्याला तर किराणाही आठवत नाही."

संध्याकाळी सगळं गाव 'प्लेन्स ऑफ एब्रहम'कडे निघालं. निळ्या-पांढऱ्या झेंड्यांचा पूर. दुसऱ्या दिवशी सेंट जॉन बॅप्टिस्टचा सण, म्हणजेच केबेकचा 'राष्ट्रीय' दिवस, आणि आदल्या रात्री या मैदानावर मोठा गाण्यांचा कार्यक्रम असतो. याच मैदानावर १३ सप्टेंबर १७५९ रोजी इंग्रजांनी फ्रेंचांना हरवलं. लढाई अर्ध्या तासाच्या आत निकालात निघाली. इंग्रज सेनापती वुल्फ तिथेच पडला, फ्रेंच सेनापती माँकाम दुसऱ्या दिवशी पहाटे गेला. गावात दोघांचा मिळून एकच स्तंभ आहे, आणि त्यावरचा लेख ना इंग्रजीत ना फ्रेंचमध्ये, लॅटिनमध्ये. १८२८ सालच्या माणसांना शहाणपण होतं म्हणायचं.

हे मला राहून राहून विचित्र वाटत होतं. आपलं पानिपत १७६१चं, या लढाईनंतर दीडच वर्षाने. आपण पानिपताच्या मैदानावर जाऊन गाऊ, नाचू? इथे आजीबाईंपासून खांद्यावरच्या बाळापर्यंत सगळे गात होते, एक ओळही इंग्रजी नाही. शेजारचा पोरगा आम्हाला त्याच्या बॅगेतलं थंड पाणी देऊन गेला. आमचे चेहरे बघून त्याला काळजी वाटली असावी. रात्री दहाला अंगातून घामाच्या धारा आणि पायाखाली पराभवाचं गवत.

आधी पूटीन खाल्लं होतं. बटाट्याच्या तळलेल्या फोडी, त्यावर ताज्या चीजचे गोळे, वरून दाट रस्सा. चीज ताजं असेल तर दाताखाली चुंई-चुंई वाजतं. रस्सा बहुधा मांसाचा असतो, शाकाहाऱ्यांनी विचारून घ्यावं. ह्यांचं मत: कांदा आणि लिंबू दिलं असतं तर बरं झालं असतं.

२४ जून : कुणाचं राष्ट्र?

दुकानं बंद. हे माहीत नसेल तर उपाशी राहाल, आदल्या दिवशी ब्रेड-फळं घेऊन ठेवा. मालकीणबाईंनी आमची दया येऊन नाश्त्याला जास्तीचे पॅनकेक दिले, मेपलच्या पाकात बुडवून. पाक काकवीसारखा, पण सौम्य. बदल्यात मी बेळगावचा कुंदा काढला. त्यांनी चमच्याने खाऊन पाहिला आणि डबा स्वतःकडे ओढून घेतला.

टेबलावर गप्पा रंगल्या. त्या सत्तरीच्या. लहानपणी घरात धर्मगुरूचा शब्द शेवटचा, आणि मॉन्ट्रियलला नोकरीला गेलेल्या वडिलांचा साहेब इंग्रज. १९६० साली सरकार बदललं, शाळा आणि दवाखाने चर्चच्या हातून सरकारकडे आले, वीज कंपन्या सरकारने ताब्यात घेतल्या. 'आपल्या घरात आपण मालक' ही १९६२ची निवडणूक घोषणा त्यांना अजून तोंडपाठ आहे. त्याआधी आपण स्वतःला 'फ्रेंच कॅनेडियन' म्हणायचो, त्या दशकात 'केबेकवा' झालो, असं त्या म्हणाल्या. पुढे १९७६ मध्ये रेने लेव्हेक यांचा वेगळं राष्ट्र मागणारा पक्ष निवडून आला आणि १९७७ मध्ये १०१ क्रमांकाचा भाषा कायदा झाला. काम फ्रेंचमध्ये, शाळा फ्रेंचमध्ये, पाटी फ्रेंचमध्ये.

मग वेगळं व्हायचं का, यावर दोनदा मतदान. १९८० मध्ये साठ टक्के लोक नको म्हणाले. ३० ऑक्टोबर १९९५ ला मात्र ५०.५८ टक्के नको, ४९.४२ टक्के हवं. फरक ५४,२८८ मतांचा, आणि बाद झालेल्या मतपत्रिका त्याहून जास्त! मतदान ९३ टक्क्यांच्या वर. "मी हो म्हटलं, नवऱ्याने नाही," बाई म्हणाल्या. "म्हणजे आमच्या घराचं मत शून्य. तरी दोघं रांगेत उभे राहिलो."

आणि आता? त्या जरा थांबल्या. दक्षिणेकडचा शेजारी 'तुम्ही आमचं एक्कावन्नावं राज्य व्हा' म्हणायला लागल्यापासून त्या किराणा आणताना मेपलचं पान छापलेला माल शोधतात. सरकारी दारूच्या दुकानांतून अमेरिकन बाटल्या मार्चमध्येच उतरवल्या गेल्या. "उद्या पुन्हा मतदान झालं तर मी होच म्हणणार," त्या म्हणाल्या, "पण टोमॅटो कॅनडाचेच घेणार." पुन्हा मतदान घेण्याचं आश्वासन देणारा पक्ष तेव्हा तिथे जोरात होता, आणि राज्याची निवडणूक ऑक्टोबर २०२६ मध्ये ठरलेली होती.

दुपारी विधानसभेची इमारत बाहेरून पाहिली. तिचं नाव १९६८ पासून 'राष्ट्रीय सभा'. या शहराच्या प्रशासकीय विभागाचं नाव 'राष्ट्रीय राजधानी'. सण राष्ट्रीय, ग्रंथालय राष्ट्रीय. देशाची राजधानी ओटावा, तीही अर्थातच राष्ट्रीय. २००६ मध्ये कॅनडाच्या संसदेने ठराव केला की केबेकवा हे अखंड कॅनडाच्या आतलं एक राष्ट्र आहेत. यावर तिथे केवढी चर्चा झाली म्हणे! मला हसू आलं. आपल्या राज्याच्या नावातच 'राष्ट्र' आहे, तेही 'महा'. आणि सौराष्ट्र वेगळाच. दिल्लीत कुणाची झोप उडाल्याचं ऐकिवात नाही.

अजून एक गोष्ट त्या दिवशी कळली. कॅनडाचं राष्ट्रगीत पहिल्यांदा गायलं गेलं ते याच गावात, याच सणाला, २४ जून १८८० रोजी, आणि फ्रेंचमध्ये. इंग्रजी शब्द १९०८चे, आणि तो मुळाचा अनुवाद नाही. फ्रेंच गाण्यात तलवार आणि क्रूस आहे, इंग्रजीत पहारा. चाल एक, म्हणणं वेगळं. ज्यांना वेगळं व्हायचंय त्यांचंच गाणं ज्यांना एकत्र राहायचंय ते गातात.

२५ जून : वेंडाके

परतण्याआधी गावाजवळच्या वेंडाके या ह्युरन-वेंडाट लोकांच्या वस्तीत गेलो. तिथे पाट्यांवर आणखी एक भाषा दिसते, वेंडाट. ती बोलणारं कुणी उरलं नव्हतं. जुन्या नोंदींतून आता पुन्हा शिकवतात. 'कॅनडा' हे नावच इथल्या जुन्या भाषेतल्या 'कनाटा', म्हणजे 'गाव', या शब्दावरून आलेलं. इंग्रजी की फ्रेंच या भांडणात घरमालकाला कुणी विचारलंच नाही. तिथे दोन तास होतो, फार बोललो नाही.

२६-२७ जून : मॉन्ट्रियल, बाकावरची गोष्ट

दोन दिवस आराम. भाचीची मुलगी नऊ वर्षांची, शाळा फ्रेंच. मुलाच्या आई किंवा बापाचं शिक्षण कॅनडात इंग्रजीत झालेलं नसेल तर साधारणपणे मुलाला सरकारी खर्चाने इंग्रजी शाळेत घालता येत नाही. पुण्या-मुंबईहून इंग्रजीच्या जोरावर आलेल्या आईबापांची पोरं त्यामुळे फ्रेंच होतात. आमची नात आईशी मराठी बोलते, बापाशी अर्धी इंग्रजी, बाहुलीला मात्र फ्रेंचमध्ये रागावते. भाची म्हणाली, "सरकारी पत्रं इंग्रजीत मागायची सोय नव्या माणसाला पहिले सहा महिने. पुढे फ्रेंच. मी पत्राचा फोटो काढून हिच्यासमोर धरते, ही वाचून सांगते."

हे ऐकून मी गप्पच झाले. बेळगावात माझी आई कन्नडमधलं सरकारी पत्र माझ्यासमोर अशीच धरायची.

दुसऱ्या दिवशी शहराच्या पश्चिमेकडच्या एका बागेत बाकावर बसले होते. शेजारी ऐंशीच्या घरातले इंग्रजीभाषक आजोबा. चार पिढ्या याच शहरात. १९७६ नंतर भाऊ टोरांटोला गेला, मग मुलगी. "मी राहिलो. फ्रेंच उत्तम बोलतो. पण पूर्वी माझी होती त्या गल्लीत आता मी नियमाला अपवाद आहे," म्हणाले. २०१३ मध्ये एका इटालियन हॉटेलच्या मेनूतल्या 'पास्ता' या शब्दावर भाषा निरीक्षकाने हरकत घेतली होती, तो किस्सा त्यांनी असा रंगवून सांगितला की मागच्या बाकावरचे फ्रेंच जोडपंही हसलं.

मग मी त्यांना बेळगाव सांगितलं. १९५६ची राज्य पुनर्रचना, महाजन आयोग, १ नोव्हेंबरच्या काळ्या दिवसाच्या फेऱ्या, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून असलेला दावा. आजोबांनी विचारलं, "म्हणजे तुम्ही इथे कुणाच्या बाजूच्या?"

इंग्रजीच्या समुद्रात फ्रेंच एक बेट आहे म्हटलं की माझ्यातली मराठी शाळेची बाई त्यांच्या बाजूने उभी राहते. पण या बेटावर हा आजोबा मराठी आहे, आणि दुप्पट अक्षराची पाटी कन्नड. मी म्हटलं, "रविवारी विचारलं असतंत तर लगेच सांगितलं असतं."

२८-२९ जून : ओटावा

बसने दोन-अडीच तास. मुख्य संसद भवन दुरुस्तीसाठी बंद आहे. लोकसभागृह शेजारच्या पश्चिम इमारतीत आणि वरिष्ठ सभागृह चक्क जुन्या रेल्वे स्टेशनात भरतं. मेच्या अखेरीस राजे चार्ल्स यांनी अभिभाषण केलं तेही त्या स्टेशनातच, दोन्ही भाषांत. दोन्ही ठिकाणी फुकट फेरी असते, जागा आधी राखून ठेवा. आमची वाटाड्या मुलगी एक मुद्दा इंग्रजीत सांगायची, पुढचा फ्रेंचमध्ये. विनोद केला की आधी निम्मे हसायचे, मग उरलेले. १९६९च्या कायद्याने केंद्राच्या कारभारात दोन्ही भाषा समान आहेत, आणि कायद्याचे दोन्ही मसुदे मूळच मानले जातात. कुणी कुणाचा अनुवाद नाही. हे मला फार आवडलं. सातबारा कुठल्या भाषेत यावरून आयुष्यं गेलेल्या गावची मी.

संध्याकाळी पूल चालत ओलांडून पलीकडच्या गॅटिनोत गेलो. नदीच्या अल्याड ओंटारियो, पल्याड केबेक. पूल संपला, पाटी आली: 'आरे'. ह्यांनी तिला नमस्कार केला.

रविवारी सकाळी बायवर्ड मार्केटात कॉफी घेत असताना फोन थडथडायला लागला. महाराष्ट्रात पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदीचे दोन्ही शासन निर्णय सरकारने रद्द केल्याची बातमी. शाळेच्या जुन्या गटावर पेढ्यांची चित्रं, भांडणं, आणि एका बेळगावकर मैत्रिणीचा एकच संदेश: 'तिकडे हिंदी टळली, इकडे आमचं मराठी कोण बघणार?' मी उत्तर टाइप केलं, पुसलं, पुन्हा टाइप केलं. शेवटी कुत्र्यांचा फोटो पाठवला. कुणालाच काही कळलं नाही.

१ जुलै : बिऱ्हाड

कॅनडा दिन. ओटावात विमानांच्या कसरती, आतषबाजी. आम्ही मात्र मॉन्ट्रियलला परत, कारण केबेकमध्ये या दिवशी माणसं घर बदलतात! बहुतेक भाडेकरार ३० जूनला संपतात. पूर्वी ही तारीख मेमध्ये असायची. मुलांची शाळा मध्येच सुटू नये म्हणून सत्तरच्या दशकात पुढे सरकवली. देशाचा वाढदिवस आणि राज्याचा सामान हलवायचा दिवस एकच, हा योगायोग तिथे सगळ्यांना गालातल्या गालात आवडतो.

भाचीचंही घर बदलत होतं. तिथल्या जुन्या तीनमजली घरांना बाहेरून लोखंडी जिने असतात, काही तर गोल वळणाचे. फुटपाथवर सोफे, गाद्या, कुंड्या. शहर आतून बाहेर काढल्यासारखं. फ्रिज वळणावर अडकला तेव्हा हमाल मोठ्याने काहीतरी ओरडला. नात खुदकन हसली. "आजी, तो शिवी देतोय. चर्चमधल्या कपाटाचं नाव घेतलं त्याने." इथल्या अस्सल शिव्या म्हणजे देव्हारा, प्याला, प्रसाद. धर्मगुरू गेले, शिव्या राहिल्या. फ्रिज वर पोचेपर्यंत सगळं चर्च मोजून झालं.

बेळगावच्या खडेबाजारातून मी घरासाठी एक पाटी करून आणली होती, लाकडावर पितळी देवनागरी अक्षरं. नव्या दारावर ती लावायला घेतली तर खालच्या मजल्यावरची शेजारीण थांबून म्हणाली, "सुंदर! काय लिहिलंय?" भाचीने नात पुढे केली. नातीने पाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिला वाचता येत नाही. मी आडनाव हळूच कानात सांगितलं, तिने ते अस्सल फ्रेंच उच्चारात खणखणीत ऐकवलं.

पाटीचा एक स्क्रू बसला. दुसरा कुठल्या तरी खोक्यात आहे. परवा फोनवर विचारलं, अजून सापडलेला नाही.